नडगीचे गार्ड, माउथगार्ड आणि मुखवटे : महाविद्यालयीन हॉकी संघासाठी घेतलेल्या संचाविषयी

जळगावातील एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून आमच्या महाविद्यालयाच्या हॉकी संघासाठी नडगीचे गार्ड, माउथगार्ड आणि पेनल्टी कॉर्नरच्या वेळी (बचाव करणाऱ्यांच्या फाउलबद्दल समोरच्या संघाला गोलजवळून मिळणाऱ्या फटक्याच्या वेळी) घालावयाचे मुखवटे असा संच आम्ही हंगामाच्या आधी घेतला. सगळा माल जालंधरहून आलेला, मध्यम किमतीचा आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ‘टर्फवर खेळणाऱ्यांसाठी’, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानासाठी, बनवलेला होता. आम्ही मात्र मुरमाच्या मैदानावर खेळतो. तेथे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा तो टणक चेंडू कधी सरळ येतो, तर कधी खड्याला लागून घोट्यावर किंवा बोटांवर उसळतो. त्यामुळे या साहित्याची परीक्षा बनवणाऱ्याने कल्पिली असेल त्यापेक्षा कठीण झाली, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

नडगीच्या गार्डविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. दुकानात प्रथम फुटबॉलचे गार्ड पुढे करण्यात आले आणि ‘सर, दोन्ही एकच असतात’ असेही सांगण्यात आले. परंतु ते एकच नसतात. फुटबॉलचे गार्ड छोटे व पातळ असते आणि नडगीचा समोरचा भाग झाकून थांबते. हॉकीच्या गार्डचे कवच जाड असते, दोन्ही बाजूंनी पोटरीकडे वळलेले असते आणि खाली घोट्यापर्यंत उतरते. आम्ही आग्रह धरल्यावर मागच्या फळीवरून हॉकीचे गार्ड निघाले. त्याच्या आतला फोम घामाने लवकर कुबट होतो आणि वरचा पट्टा सैल पडतो, तेव्हा मोज्यावरून चिकटपट्टी गुंडाळावी लागते. या दोन तक्रारी सोडल्या तर वस्तू चोख आहे.

ती किती चोख आहे, हे एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात दिसले आणि तिथूनच या लेखातला वादाचा भाग सुरू होतो. आमचा सेंटर हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) चेंडू अडवून वळत असताना प्रतिस्पर्ध्याने मागून येऊन स्टिक फिरवली, ती चेंडूला न लागता थेट नडगीवर बसली आणि गार्डचे कवच वरपासून मधोमध तडकले. मुलगा उठून उभा राहिला आणि ‘काही नही व्हयनं सर’ म्हणत पुन्हा धावू लागला. त्या बाजूच्या पंचांनी शिटीसुद्धा वाजवली नाही. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की कोणाला लागलेले नाही, मग फाउल कसला? त्याच सामन्यात पुढे चेंडू एका खेळाडूच्या स्वतःच्याच स्टिकवरून उडून त्याच्या भुवईला लागला, रक्त आले आणि समोरच्या निष्पाप बचावपटूला पिवळे कार्ड मिळाले.

मैदानी हॉकीच्या नियमांत अंगाला अंग भिडवण्यास मुळातच मुभा नाही. शरीराचा धक्का न लागता चेंडू खेळता येईल अशा स्थितीत असल्याशिवाय टॅकल करू नये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावू नये, असे नियम सांगतो, आणि शिक्षा कृतीला असते, जखमेला नव्हे. हिरव्या कार्डाला २ मिनिटे, पिवळ्याला किमान ५ मिनिटे आणि लाल कार्डाला उरलेला संपूर्ण सामना बाहेर, अशी ती चढती व्यवस्था आहे. परंतु महाविद्यालयीन पातळीवर दोनच पंच असतात, प्रत्येकाकडे अर्धे मैदान असते, आणि मोठ्या स्पर्धांत मिळणारा व्हिडिओ रेफरल, म्हणजे चित्रण पाहून निर्णय तपासण्याची सोय, येथे नसतो. अशा वेळी रक्त हाच पुरावा मानण्याची सवय लागते. ज्याने चांगले गार्ड घातले त्याच्यावरचा फाउल अशा पंचांना दिसतच नाही, हा या खरेदीचा आम्हाला न सांगितला गेलेला परिणाम आहे. आम्ही तडकलेल्या कवचाचे छायाचित्र लेखी तक्रारीला जोडून संयोजकांकडे दिले. पंचांचा निर्णय अंतिम असतो, एवढेच उत्तर आले.

अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. तेथे पुरुषांच्या खेळात अंगाने धडक देणे मान्य आहे आणि पूर्ण चेहरा झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे. त्यामुळे धडक बसली की नाही यावर वाद होत नाही. ती मागून होती का, डोक्याला होती का, यावर होतो, आणि गंभीर फाउलसाठी पंच व्हिडिओ पाहू शकतात. चेहरा झाकलेला असला की खेळाडू अधिक बेफिकीर होतात, असे तेथे अनेक जण म्हणतात. आमच्या मुलांत तसे काही दिसले नाही. धसमुसळा खेळणारा गार्ड नसतानाही तसाच खेळतो.

माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर चावून बसवण्याच्या प्रकारातले आहे. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त उकळल्यास ते आक्रसते, म्हणून खोलीतल्या किटलीवर मुलांना सोडून न देता हे काम समोर बसवून करून घ्यावे. नीट बसले की बोलता येते, श्वासही अडत नाही. मात्र खानदेशातला उन्हाळा त्याला सोसत नाही. एप्रिलच्या शिबिरात एका मुलाने ते दुचाकीच्या डिकीत ठेवले आणि दुपारनंतर ते कोणाच्याच तोंडात बसेना. नियमपुस्तकात नडगी, घोटा आणि तोंडाच्या संरक्षणाची सक्ती नसून शिफारस आहे, याचा आधार घेऊन जे संघ हा खर्च टाळतात त्यांनी दंतवैद्याचे दर एकदा विचारून पाहावेत. दात पडलाच तर तो मुळाकडून न धरता वरच्या भागाला धरावा, दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. हे त्या पाकिटावर कुठेही छापलेले नाही; छापायला हवे होते. डोक्याला मार लागून खेळाडू भांबावला तर मात्र यातले कोणतेही साहित्य कामाचे नाही. त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये.

मुखवट्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. ते पारदर्शक व मजबूत आहेत, पण दमट हवेत आतून धुके धरतात. पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेमागे गोलकीपरसह पाचच बचावपटू असतात, त्यामुळे चार मुखवटे पुरेसे आहेत. दुकानदार संपूर्ण संघाचा हिशोब धरून देऊ करतो, तो मान्य करू नये. गार्ड घेताना खेळाडूला सोबत न्यावे, मोजे आणि बूट घालून मापून पाहावे आणि कवचाचे खालचे टोक घोट्याला टोचत असल्यास एक माप लहान मागावे. तडकलेल्या गार्डच्या बदल्यात दुकानदाराने नवे दिले नाही, परंतु पट्टे विनामूल्य बदलून दिले, आणि पुढच्या हंगामासाठी गार्डची मागणी आम्ही त्याच्याकडेच नोंदवली आहे.