पातळ केलेली अँटीबॉडी: सीडी३ दिसतं, पीडी-१ गायब

फ्लो सायटोमेट्रीत पेशींना चमकत्या रंगाची अँटीबॉडी चिकटवून लेसरने एकेक पेशी तपासतात. या अँटीबॉडीत बफर (ती पातळ करायचा द्रव) ओतून ती वाढवली तरी पटकन कळत नाही. एका मध्यस्थ विक्रेत्याकडून आलेल्या सीडी३, सीडी४ आणि पीडी-१ (टी या रोगप्रतिकारक पेशींवरची प्रथिनं) ओळखणाऱ्या अँटीबॉडीच्या संचात हेच झालं. प्रत्येक व्हायलवर १०० टेस्ट लिहिलेल्या, टेस्टला ५ मायक्रोलिटर, आत बरोबर ५०० मायक्रोलिटर. सीडी३, सीडी४ छान दिसले. पीडी-१च्या पॉझिटिव्ह पेशी मात्र निगेटिव्हमध्ये मिसळून गेल्या.

कंपनीने सांगितलेला डोस बहुधा गरजेपेक्षा जास्तच असतो. टी पेशीवर सीडी३, सीडी४ भरपूर, त्यामुळे पाव हिश्श्यातही भागतं. पीडी-१ विरळ, तिथे पितळ उघडं पडतं. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: पेशी मेल्या असतील, नाहीतर यंत्राच्या डिटेक्टरचं व्होल्टेज चुकलं असेल.

म्हणून टायट्रेशन करा, म्हणजे वेगवेगळ्या डोसला पेशी किती चमकतात ते पाहा. नळीत १० लाख पेशी. अँटीबॉडी २०, १०, ५, २.५, १.२५ मायक्रोलिटर, बफर घालून एकूण आकारमान सगळीकडे सारखं. अंधारात ४ अंशांवर ३० मिनिटं ठेवून धुवा, मृत पेशी वगळा, व्होल्टेजला हात लावू नका. अस्सल मालाची चमक ५च्या आसपास वाढायची थांबते. इथे मिडियन (पेशींच्या चमकेचा मधला आकडा) २०पर्यंत चढतच राहिला, आणि निर्मात्याकडून थेट घेतलेल्या व्हायलच्या ५ मायक्रोलिटरशी याचे २० जुळले. २५ टेस्टचे १२५ मायक्रोलिटर ५०० केले की हाच हिशेब येतो.

घाई असेल तर ५ मायक्रोलिटर एकदा २ लाख आणि एकदा १० लाख पेशींना लावा. अँटीबॉडी कमी पडत असेल तर २ लाखांच्या नळीतल्या पेशी जास्त उजळतात. पण हे सीडी३वरच करा. पीडी-१ इतका थोडा असतो की तिथे अँटीबॉडी संपतच नाही.

पीई-सीवाय७सारखा टँडम (पीई आणि सीवाय७ हे दोन रंग जोडून केलेला) असेल तर लगेच आरोप नको. उजेडाने टँडम तुटला की त्याच पेशी पीईच्या डिटेक्टरमध्ये वाजवीपेक्षा जास्त दिसतात. नुसतं पातळ केलेलं असेल तर दोन्ही सिग्नल सारख्याच प्रमाणात उतरतात.

क्लोनही (अँटीबॉडीचा नेमका वाण) बदलून येतो. सीडी३च्या क्लोनांपैकी यूसीएचटी१ हा उंदराच्या अँटीबॉडीचा आयजीजी१ उपप्रकार, ओकेटी३ आयजीजी२ए; उपप्रकार ओळखणारी दुय्यम अँटीबॉडी वेगळ्या रंगात लावली की फरक कळतो.

उरलेला द्रव २ ते ८ अंशांवर जपा, गोठवू नका. मूळ एफसीएस फाइल्स (यंत्राने नोंदवलेली मोजमापं), लेबलचा फोटो आणि लॉट नंबर निर्मात्याला पाठवा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत बिल थांबवा.