ताईंचं दालन, अमळनेर: कापड दोन्ही बाजूंनी बघा

शिवायला आलेलं कापड मी आधी उलटं करून बघते. सुलट बाजू दुकानदार दाखवतोच. सुटलेले धागे, गाठी, रंग कुठं कच्चा राहिलाय, हे सगळं मागच्या बाजूला कळतं. पारोळ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, त्यामुळे हाताला ही सवय लागलेली. अमळनेरच्या या हातमागाच्या कापडांच्या दालनात शिरल्या शिरल्या मला पहिली गोष्ट आवडली ती हीच की खालच्या मोठ्या खोलीत भिंतीला एकही कापड चिकटवलेलं नाही. सगळी खोलीच्या मधे, लाकडी दांड्यांवरून सोडलेली. पुढून बघा, मागून बघा, चार-पाच तुकड्यांना तर खुशाल हात लावा.

पाटीवर नाव वेगळं आहे, पण स्टेशनवरच्या रिक्षावाल्यापासून सगळे ‘ताईंचं दालन’च म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. ताई मूळच्या इथल्याच. हातमागाच्या डिझायनर. कामाची बरीच वर्षं महेश्वरच्या विणकरांबरोबर गेली. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले हे आपल्याला ठाऊक असतं; पण पुढे तिथले माग थंडावले होते आणि १९७९मध्ये रिचर्ड व सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी सुरू केल्यावर गावातल्या बायकांच्या हातालाही मागाचं काम मिळालं, ही गोष्ट मला ताईंकडूनच समजली. माहेरी परत आल्यावर त्यांनी वडिलांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर तसंच ठेवून त्यात हे दालन मांडलं. जाड मातीच्या भिंती आणि वर धाबं, त्यामुळे भर एप्रिलात आत पंखा लागत नाही.

आता ज्यासाठी पारोळ्याहूनच काय, धुळ्या-जळगावहूनही यावं त्या कापडाबद्दल. उभा धागा सुती, आडवा केळीच्या खोडाचा. आपल्याकडे घड कापला की खोड बांधावर पडतं. त्याचे पदर सोलून, खरवडून हा धागा निघतो. दिसायला रेशमासारखा, पण स्वभावाने ताठ; कोरडा पडला की तुटतो, म्हणून विणताना तो ओलसर ठेवावा लागतो. आणि त्याची लांबी खोडाएवढीच, त्यापुढे जायचं तर गाठ मारण्याशिवाय इलाज नाही. समोरून बघताना नुसती सोनसळी झाक दिसते. मागे गेले तर गाठीच गाठी, ज्वारीच्या कण्यांसारख्या सगळ्या अंगभर पसरलेल्या. एरवी डिझायनर मंडळी अशा गाठी कातरून टाकतात. ताईंनी त्या सगळ्या मागच्या बाजूला घेतल्या आणि तिथंच राहू दिल्या. मी बोट फिरवत काठापर्यंत गेले. काठ एका रेषेत, कुठंही ओढलेला नाही. इतक्या हट्टी धाग्याचा काठ असा सरळ ठेवायला हात काय तयारीचा लागतो, हे कापडात वावरणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

या कापडाशेजारी एक छोटं लाकडी फळकुट आहे. त्यावर सगळ्यात वर विणकराचं नाव, मग गाव, मग मागावर किती दिवस लागले ते, मग सूत आणि रंग कुठला ते, आणि तळाला बारीक अक्षरात ‘संकल्पना’ म्हणून ताईंचं नाव. खालच्या खोलीत सगळीकडे हाच क्रम. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर हातमाग कामगार मोजले गेले, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बाया. त्यातल्या किती जणींचं नाव कुठल्या भिंतीवर लागलं असेल? माझे वडील प्रताप मिलच्या विव्हिंग खात्यात होते. त्यांनी विणलेल्या कापडावर मिलचा शिक्का असायचा, ते रास्तच होतं. पण हे फळकुट वाचताना मला वडील आठवले आणि मी तिथं बराच वेळ उभी राहिले.

दुसरी खोली लुगड्यांची. नऊवारी, घराघरांतून मागून आणलेली, नेसून नेसून मऊ झालेली. दालनात ठेवायचं म्हणून कुणी त्यांना इस्त्री मारून नवं केलेलं नाही. एका जांभळ्या लुगड्याला गुडघ्याच्या जागी दुसऱ्या लुगड्याचं ठिगळ आहे, तेही काठ काठाला जुळवून लावलेलं. टाका बघा त्याचा! ज्या बाईने तो घातला ती शिवणाच्या क्लासला कधी गेली नसणार, पण माझ्या दुकानात आज शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे ठिगळ दाखवायला नेणार आहे. माझ्या पुढे एक म्हातारी होती, नातवाचा हात धरून आलेली. हिरव्या लुगड्यापाशी थांबली आणि म्हणाली, “हाई ते आमनं लुगडं शे!” तिचं नव्हतंच ते, तसलंच होतं. तरी दालनातल्या मुलीने तिला दुरुस्त केलं नाही, स्टूल आणून दिलं. ती म्हातारी मग लुगडं कसं धुवायचं, खळ कशी काढायची, सगळं सांगत बसली आणि मुलगी वहीत लिहून घेत होती.

या खोलीच्या एका कोनाड्यात फैजपूरच्या अधिवेशनाची माहिती लावली आहे. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून तिथली सजावट उभी केली; खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन भरलं, त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं. मोठा चित्रकार आणि हातचं कापड आपल्या खानदेशातल्या एका गावात एका मांडवाखाली आले होते. फैजपूर रंगाऱ्यांचं आणि सुती छापकामाचं गाव म्हणून त्याच्याही आधीपासून नावाजलेलं. ताईंनी हे चार ओळींत आटपलंय. याला एक अख्खी भिंत द्यायला हवी होती.

वरच्या मजल्यावर मात्र माझं मन भरलं नाही. तिथं अजिंठ्याच्या चित्रांवरून केलेली मालिका आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या माणसांची पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं आपण पाहिलेली असतात. काही नक्षी तर अशी की धागा आधी बांधून रंगवला आणि मग विणला असावा असं जाणकार म्हणतात. बांधून रंगवलेल्या धाग्यात रंगाची कड किंचित पसरते, तीच त्याची गंमत. इथं पट्टे आखून काढल्यासारखे आहेत, रंगही एकमेकांपासून फटकून. कापड उत्तम विणलंय, पण अजिंठा त्यात उतरला नाही. शिवाय ही मालिका काचेत बंद, भिंतीला लावलेली, म्हणजे मागची बाजू बघायची सोय नाही. माहितीही फक्त इंग्रजीत. खाली इतकं मायेनं मराठीत लिहिणाऱ्यांनी वर असं का करावं? जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वर नाही गेलं तरी चालेल.

एक तक्रार जास्त महत्त्वाची. लुगड्यांच्या खोलीत पश्चिमेची खिडकी आहे आणि दुपारी ऊन सरळ दोन लुगड्यांवर येतं. संग्रहालयांत जुन्या कापडावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, इतका तो घातक असतो. एकदा उडालेला रंग कशानेच परत येत नाही. मी ताईंना तिथल्या तिथं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पडदा शिवायला टाकलाय म्हणाल्या. तो पडदा लौकर लागावा. नाहीतर मी शिवून देते, पैसे नकोत.

मागच्या अंगणात खड्ड्याचा माग आहे. विणणारे चाचा महेश्वरचे, इथं काही महिने राहून काम करतात. धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकली जाते, आणि तुम्ही काहीही विचारा, हात न थांबवता उत्तर देतात. साधं पोत असेल तर दिवसाला दीड-दोन मीटर होतं, नक्षी आली की वीतभरावर समाधान मानायचं, असं म्हणाले. पोरांना न्यायचं असेल तर याच्यासाठी न्या. कांडी भरायच्या चरख्यावर ते पोरांना बसवतातही.

विक्रीचा कोपरा लहान आहे. साड्या माझ्या आवाक्याबाहेर, पण भाव फुगवलेला वाटला नाही. ब्लाउजपीस मात्र जरूर घ्या. पूर्ण मीटरभर देतात, बाजारात ऐंशी सेंटीमीटरवर भागवतात. ८०० रुपयांचा निळा पीस मी आणला. रात्रभर पाण्यात भिजत घातला, पाणी किंचित निळं झालं, वाळल्यावर दोन बोटं आटला. हातमागाचं सुती कापड आटणारच, तेव्हा टेलरकडे देण्याआधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात हुक लागणार नाहीत आणि बोल टेलरला लागेल. शिवायला कापड गोड आहे, सुई अडत नाही, काठ बाहीला सुरेख बसतो.

मंगळवारी जाऊ नका. मंगळग्रह मंदिरामुळे त्या दिवशी गावात बाहेरगावच्या गाड्यांची रीघ असते आणि रिक्षा मिळत नाही. दुपारी एक ते चार दालन बंद. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर चाचा मागावर असतात, गर्दी नसते आणि केळीच्या कापडाच्या मागे जाऊन निवांत उभं राहता येतं.