बेडकांसाठी सीओआय की १६एस? दोन्ही करून बसलेल्याचं मत

सह्याद्रीतल्या बेडकांवर काम करणारे ज्युनिअर हमखास विचारतात, सर मार्कर (जात ओळखायला वाचायचा डीएनएचा तुकडा) कुठला घेऊ, सीओआय की १६एस, पैसे एकाचेच आहेत. हे दोन्ही मायटोकॉन्ड्रियातले जीन. मी दोन्ही केलेत म्हणून सांगतो.

कागदावर सीओआय भारी, यात वाद नाही. २००३ मध्ये संशोधक हेबर्टनी प्राण्यांचा बारकोड म्हणून तोच पुढे आणला, ६५८ अक्षरं, प्रोटीनचा जीन असल्यामुळे अलाइनमेंट (वेगवेगळ्या नमुन्यांची अक्षरं एकाखाली एक लावणं) सरळ बसते, आणि मधेच स्टॉप कोडॉन (प्रोटीन तिथेच थांबवणारी तीन अक्षरं) दिसला की कळतं, त्या जीनची केंद्रकातली जुनी बाद कॉपी हाती लागलीये. १६एस प्रोटीनचा जीन नाही म्हणून त्यात ही सोय नाही, वर लूपच्या जागी (रेणू वळतो तिथे) गॅप्सचा, म्हणजे रिकाम्या जागांचा, असा गोंधळ असतो की कुठलं अक्षर कुणाखाली धरायचं हे शेवटी आपल्यालाच डोळे फोडून ठरवावं लागतं.

पण माझं घोडं अडलं जेलवर, म्हणजे डीएनएच्या नकला झाल्या का हे बघायच्या पायरीवर. पावसाळ्यात डबक्यांतल्या टॅडपोल्सच्या शेपटीचे तुकडे घेतले होते (वनखात्याची परवानगी काढूनच), सगळ्यांना सीओआयचे ते नेहमीचे फोल्मर प्रायमर (नक्कल जिथून सुरू होते तिथे चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावले तर जेलवरच्या निम्म्याहून जास्त लेन कोऱ्या, बँडच नाही, म्हणजे नक्कल झालीच नाही. ॲनीलिंग (प्रायमर चिकटायचं तापमान) ५० वरून ४५ अंशांवर आणलं, मॅग्नेशियम वाढवलं, डीएनए परत काढला, दोन आठवडे गेले आणि लॅबमध्ये सगळ्यांचं एकच, तुझाच हात खराब. मग कळलं की बेडकांमध्ये प्रायमर जिथे चिकटायचा तीच जागा जातीगणिक बदलते, व्हेन्सेस आणि मंडळींनी २००५ मध्येच हे लिहून उभयचरांसाठी १६एस सुचवलं होतं. मी वाचलं नव्हतं, चूक माझी. तोच डीएनए, तेच मशीन, १६एस लावलं आणि पहिल्याच दिवशी झाडून सगळीकडे बँड.

शिवाय आपल्याकडच्या बेडकांचं जेनबँकमध्ये (डीएनए अक्षरांच्या जाहीर साठ्यात) १६एस बऱ्यापैकी सापडतं, टॅडपोल कुणाचं हे ओळखायला जुळवणार कशाशी, हाच तर प्रश्न असतो.

आता १६एस सावकाश बदलतो, त्यामुळे अगदी जवळच्या दोन जातींत फरक फारच थोडा दिसू शकतो, तिथे फक्त फरकाच्या टक्क्यांवर जाऊ नका, आवाज आणि मोजमापं बघा. आणि दोन्ही मायटोकॉन्ड्रियाचेच, म्हणजे फक्त आईकडची गोष्ट. वंशवृक्षाच्या जुन्या फांद्या लावायच्या असतील तर रॅग१सारखा केंद्रकातला एखादा जीन जोडावाच लागतो. फुलपाखरं करत असाल तर बिनधास्त सीओआय घ्या, माझं रडगाणं बेडकांपुरतं.

माझे उरलेले फोल्मर प्रायमर फ्रीझरमध्ये तसेच पडलेत, कुणाला हवे असतील तर घेऊन जा.