३५० चं माऊथगार्ड, २८०० चं माऊथगार्ड आणि हिरड्यांची वेगळीच भानगड

पहिलेच सांगते, मी काही डॉक्टर नाही, भुसावळची साधी आई आहे, पण दोन्ही प्रकारचे पैसे माझ्याच पर्समधून गेलेत म्हणून लिहितेय.

पोरगी नववीत, कबड्डीत चढाई करते. डिसेंबरात तिच्या टीममधली एक पोरगी घोटा धरायला वाकली आणि समोरचीचा गुडघा थेट तोंडावर, पुढचा दात अर्धा गेला. ते पाहून आल्यापासून माझी झोपच उडाली. मग ऑनलाइन ३५० रुपयांचं माऊथगार्ड, म्हणजे मार लागू नये म्हणून दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कव्हर, मागवलं, ते गरम पाण्यात टाकून चावायचं असतं ना, तसलं. पहिल्यांदा पाण्यात जास्त वेळ राहिलं तर पार लिबलिबीत झालं, दुसऱ्यांदा कसंबसं जमलं. सासूबाई बघून म्हणे, "हाई काय तोंडमा कोंबी लिधं व माय?"

खरी पंचाईत मैदानावर झाली. चढाईत दम घ्यावा लागतो, कबड्डी कबड्डी पंचांना नीट ऐकू आलं पाहिजे नाहीतर चढाई गेलीच समजा, आणि हे गार्ड एवढं जाड की पोरीच्या तोंडून "तबद्दी तबद्दी" निघायचं, बाकीच्या पोरी पोट धरून हसायच्या. वरून तोंड उघडलं की ते खाली, दात आवळून धरलं तरच जागेवर. दात आवळून दम कसा घ्यायचा ते बनवणाऱ्यालाच माहीत, त्याने कबड्डी पाहिलेली दिसत नाही.

तीन आठवड्यांनी ब्रश करताना रक्त यायला लागलं, हिरड्या लाल, सुजलेल्या. मी म्हटलं झालं, हा प्लास्टिकचाच प्रताप. गार्ड बंद केलं, ब्रशपण हळूच कर म्हटलं, तर रक्त उलट वाढलं. ही पोटात होती तेव्हा माझ्याही हिरड्यांतून असंच यायचं, तेव्हा ब्रश सोड आणि हळद-मीठ लाव असा सल्ला मिळालेला, तोच मी पुढे चालवत होते.

शेवटी जळगावला दातांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी गार्डच्या आधी विचारलं पाळी कधी सुरू झाली. मी आपली गार्डचा डबा उघडून बसलेली! मग त्यांनी समजावलं की वयात येताना इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स वाढतात, त्यामुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि दातांवरच्या कीटणाला हिरडी नेहमीपेक्षा जास्त चिडते. प्रीव्होटेला इंटरमीडिया नावाचे जंतू तर या हार्मोन्सवरच पोसतात म्हणे. काही जणींना पाळीच्या आधी दोनचार दिवस होतं, गरोदरपणात साधारण दुसऱ्या महिन्यापासून सुरू होऊन आठव्यापर्यंत वाढत जातं. पण मूळ कारण कीटणच, हार्मोन्स नुसतं तेल ओततात. म्हणजे ब्रश सोडणं हा सगळ्यात उलटा उपाय, आणि मी तो दोन पिढ्यांवर केला.

गार्डपण अगदी सुटलं नाही हां. त्याची कड हिरडीला घासत होती, आणि आमची पोरगी ते ओलंच डबीत कोंबून ठेवायची. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या संशोधकांनी खेळाडूंची वापरलेली गार्ड तपासली तर त्यात जंतूच नाही, बुरशीपण सापडली होती. यक्क.

मग ६०० रुपयांत दात साफ करून घेतले आणि दोन आठवडे थांबायला सांगितलं, कारण सुजलेल्या हिरडीवर माप घेतलं तर सूज उतरल्यावर गार्ड ढिलं होणार. तोवर सकाळ-रात्र ब्रश, रक्त आलं तरी. दहा-बारा दिवसांत रक्त जवळपास थांबलं. मग ट्रेमध्ये पेस्ट घालून माप, त्याचा प्लास्टरचा साचा, त्यावर शीट गरम करून ओढून बसवतात. फक्त वरच्या दातांचं, २८०० रुपये.

आणि हे जे बसलं ना! हात लावायची गरज नाही, तोंड उघडलं तरी जागेवर. पहिले दोन दिवस थोडी लाळ सुटली, नंतर कबड्डी कबड्डी एकदम साफ. हसणाऱ्या पोरींपैकी दोघी आता पत्ता विचारताहेत.

खोट काढायची तर महाग आहे, जळगावच्या चकरा झाल्या, आणि जबडा वाढतोय म्हणून पुढेमागे नवीन करावं लागेल असं मॅडमनीच सांगितलं. ऑनलाइनच्या डब्यावर डोक्याच्या मारापासूनही वाचवतं असं छापलेलं होतं, त्याला मात्र पक्का पुरावा नाही. दात-ओठांचं वेगळं, २००७ मध्ये सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात गार्ड न घालणाऱ्यांना तोंडाला इजा होण्याचा धोका १.६ ते १.९ पट निघाला. आणि एक, दात आख्खा निघाला तर मुळाला हात न लावता, न घासता दुधात टाकून तासाभराच्या आत डॉक्टर गाठायचा. मैदानासमोर चहाची टपरी आहे, त्या भाऊंना दुधाचं सांगून ठेवलंय.

नव्याला साडेचार स्टार, जुन्याला दीड, तेपण मनात धाक बसवला म्हणून. जुनं आता नाहीच, मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिलं, आपल्याकडचं ४५ डिग्री ऊन, संध्याकाळी काढलं तर जिलेबी झालेली. नव्याची भोकाभोकांची डबी माठाशेजारी असते, आणि सासूबाई तिथे पाणी घ्यायला आल्या की तोंड वाकडं करतात.