ठोकलेली सेकंडहँड बलेनो: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

२०१८ ची पेट्रोल बलेनो गेल्या हिवाळ्यात घेतली, अपघात झालाय हे माहीत असूनच. त्यानंतर रोजचं हिंजवडी, कुंभार्ली घाटातून चिपळूणच्या फेऱ्या आणि अख्खा पावसाळा झाला. गाडीवर मी खूश आहे. पण ठोकलेली गाडी स्वस्त मिळतेय म्हणून घ्या, असं कुणालाच सांगणार नाही. मार नेमका कुठे बसलाय, यावरच सगळं ठरतं.

डीलर म्हणाला, "बंपर घासलाय, बाकी काही नाही." मी विम्याची पॉलिसी मागितली. एकच मालक, सहाव्या वर्षाची पॉलिसी, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, फक्त २० टक्के! पाच वर्षं क्लेम नसता तर तो ५० टक्के दिसला असता. मग मूळ मालकाला फोन केला. माणूस सरळ निघाला, स्वतः सोबत येऊन सर्व्हिस सेंटरमधून जुनी जॉबकार्डं, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी, काढून दिली. बंपर, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बॉनेट, हेडलाइट, रेडिएटर, सगळं बदललेलं.

एवढी यादी पाहून घरचे नको म्हणाले. मला मात्र त्या यादीनेच धीर आला, कारण यातली प्रत्येक गोष्ट बोल्टने बसते. एप्रन (बॉनेटखालच्या बाजूच्या भिंती), चेसिस लेग (पुढचे आडवे दांडे), पिलर (छत पेलणारे खांब) हे मात्र वेल्डिंगने जोडलेले असतात आणि धडकेचा जोर तेच झेलतात. ते एकदा वाकवून सरळ केले, की पुढच्या धडकेत कसे वागतील हे कुणी सांगू शकत नाही. आमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून एप्रनवरचे स्पॉट वेल्ड, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, पाहिले. दोन्ही बाजूंना सारखे, गोल, कंपनीचे. दारांचे रबर ओढून पिलरच्या कडाही पाहिल्या. रंगाची जाडी मोजायच्या मीटरवर डावं पुढचं दार ४०० मायक्रॉनच्या वर गेलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० असतो, म्हणजे तिथे पुट्टी भरलेली. दाराच्या पत्र्यावर पुट्टी मला चालते.

याआधी पाहिलेली एक गाडी हिच्यापेक्षा चकचकीत होती आणि स्वस्तही. तिच्या एप्रनवर वेल्डिंगचे ओबडधोबड पट्टे होते आणि इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. तो लागून काही सेकंदांत विझायला हवा. अजिबात लागत नसेल, तर एअरबॅगच्या यंत्रणेत कुणीतरी हात घातलाय असंच समजा. मुलांना मागे बसवून नेणाऱ्याने अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता वापराचं. सुरुवातीलाच चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. हायवेवर स्टिअरिंग सोडून पाहायची गरज पडत नाही इतकी गाडी सरळ धावते, आणि पुढचे टायर दोन्ही कडांना सारखे झिजलेत. पाणी आत येतंय का म्हणून जुलैत मॅट आणि गालिचा उचलून पाहिला, कोरडा होता. डाव्या हेडलाइटमध्ये मात्र पहिल्याच पावसात वाफ धरली, शेवटी बदलावा लागला. पुट्टीवाल्या दाराचा रंग उन्हात किंचित वेगळा दिसतो.

कागदांत एक गोष्ट विसरू नका. गाडी नावावर होताना थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) आपोआप तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर हवं असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातल्या फरकाची रक्कम आपण भरायची. ती मी भावातूनच वळती करून घेतली.