ट्यूबलेस किट: सीलंटचं कौतुक पुरे, आधी टेप बघा

नवीन माउंटन बाइक ट्यूबलेस रेडी (म्हणजे ट्यूबशिवाय चालवता येईल अशी) म्हणून घेतली तरी बऱ्याचदा हातात येते ती ट्यूब घालूनच. रिम चालतो, टायर चालतो, बाकीचं सामान तुमचं तुम्ही आणा. म्हणून हे किट घेतलं. आत रिमवर आतून लावायच्या टेपचा रोल, दोन प्रेस्टा (बारीक, लांब) वॉल्व्ह, कोअर म्हणजे वॉल्व्हच्या आतला सुटा भाग काढायची छोटी चावी आणि सीलंटची, म्हणजे भोकं आतून बुजवणाऱ्या द्रवाची बाटली. बाटली झकास, वॉल्व्ह चांगले, टेप मात्र अरुंद, आणि माझं सगळं गाऱ्हाणं तिथेच आहे.

टेप २५ मिलिमीटरची दिलीय. हल्लीच्या माउंटन बाइकचे रिम आतून बहुतेक ३० मिलिमीटरचे असतात, म्हणजे टेप दोन्ही कडांपर्यंत पोचतच नाही, मधल्या खळग्यात बसते आणि बाजूला पट्टी उघडी राहते. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्तच हवी, म्हणजे कडेला थोडी वर चढते आणि टायरची बीड (रिममध्ये अडकणारी कडा) तिच्यावर बसते. मी ३४ ची वेगळी आणली. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'सर्व साइझसाठी' छापायचं आणि आत हे द्यायचं, कमाल आहे.

टेपवरून एवढा का तापलोय ते सांगतो. मॅव्हिक या चाकं बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली तेव्हा त्या रिमच्या आतल्या बाजूला स्पोकची भोकंच नव्हती, त्यामुळे टेपची गरजच नव्हती. आता आपले रिम साधे, भोकंवाले, हलके आणि स्वस्त, आणि हवा अडवायची सगळी जबाबदारी त्या पातळ पट्टीवर. ती नीट बसली नाही तर हवा स्पोकच्या भोकातून रिमच्या आत शिरते आणि तिसरीकडूनच बाहेर येते, मग तुम्ही टायरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत बसा, सापडत नाहीत. चाकाला साबण लावल्यावर बुडबुडे निपलपाशी (स्पोक रिमला धरणाऱ्या बारीक नटापाशी) दिसले की समजायचं टेप गंडलीय, त्यावर अजून सीलंट ओतून काही उपयोग नाही.

तर टेप मारताना घाई नको. जुनी रबरी पट्टी काढा, रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग टेप चांगली ताणून लावा, इतकी की ती स्वतःच खळग्यात ओढली जाते, आणि शेवटी टोकं एकमेकांवर हातभर नाही पण वीतभर तरी चढवा. अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जायचं, सुरकुती राहिली तर तिथूनच गळणार. नंतर ट्यूब घालून हवा भरून रात्रभर ठेवा, टेप एकदम चिकटून बसते. सकाळी ट्यूब काढताना टायरची एकच बाजू उतरवायची, दुसरी बाजू बसलेली राहते आणि पुढचं अर्धं काम तिथेच होतं. वॉल्व्हचं भोक ब्लेडने फुली मारून पाडू नका, फाटत जातं, टोच्याने बारीक गोल पाडा आणि वॉल्व्ह त्यातून जोर लावून ढकला. त्याचा नट हाताने घट्ट करा, पक्कड अजिबात नको, वाटेत पंक्चर झालं आणि वॉल्व्ह काढून ट्यूब टाकायची वेळ आली तर तो नट सुटलाच पाहिजे ना.

हवा भरायला कंप्रेसर लागतोच असं नाही. वॉल्व्हचा कोअर काढला की हवा भसकन आत जाते, बीडला साबणाचं पाणी लावलं की साध्या फ्लोअर पंपानेही काम होतं. बीड जागेवर बसताना टण्ण, टण्ण असा आवाज येतो आणि पहिल्यांदा माणूस दचकतोच 😄 टायरवर कमाल प्रेशर लिहिलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही, आवाज आला नाही तरी नाही. बीडजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर बसला.

आता सीलंट. लेटेक्सचं आहे, अमोनियाचा वास नाकात जातो, खिडकी उघडी ठेवा. बाटली खूप हलवा, भोक बुजवणारे बारीक कण तळाशी बसलेले असतात, नाहीतर नुसतं दूध टायरमध्ये आणि कामाचा माल बाटलीत. २९ इंची, २.४ इंच रुंद टायरला १०० ते १२० मिली घातलं, कोअर काढलेल्या वॉल्व्हमधूनच. मग चाक फिरवून बादलीवर आडवं ठेवलं, एक बाजू मग दुसरी. साइडवॉलवर घाम फुटल्यासारखे पांढरे थेंब आले, ते होतं, थांबतं. काट्याची भोकं बिनबोभाट बुजतात, मोठ्या चिरेला मात्र प्लगच (भोकात कोंबायची रबरी वात) लागतो. आणि हे दोन ते सहा महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात लवकरच, त्यामुळे अधूनमधून बघून भर घालावी लागते. महिनोन्महिने सायकल भिंतीला टेकवून ठेवणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, ट्यूब बरी.

वजन कमी होतं म्हणून कोणी घेत असेल तर फार आशा नको. २९ ची साधी ट्यूब साधारण २०० ग्रॅमची, त्यात सीलंट, टेप, वॉल्व्ह वजा केले की उरतं किती? फरक प्रेशरमध्ये आहे. ट्यूबवर ३० पीएसआयच्या खाली जायला भीती वाटायची, दगडावर ट्यूब चेपून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडायची, आता पुढे २१, मागे २४ वर चालवतो आणि सुट्या खडीवर पुढचं चाक जिथे सरकायचं तिथे चावून धरतं. माझ्या वजनाला हे आकडे जमतात, तुम्ही तुमचे शोधा, फार खाली गेलात तर वळणावर बीड सुटून हवा फुस्स होते आणि रिमलाही पोचे येतात.

वॉल्व्हला ५ पैकी ४, कोअर सीलंटने चोंदतो म्हणून एक कापला (तो सगळ्यांचाच चोंदतो, स्पेअर कोअर बॅगेत ठेवा). सीलंटला ४. टेपला १, तीही चिकटते चांगली म्हणून. टेप वेगळी घ्यायची तयारी असेल तर किट घ्या, पण आधी रिमची आतली रुंदी मोजा.