स्वित्झर्लंडच्या डोंगरगाड्या: उंचीचा आकडा नको, आधी ढग बघा

स्वित्झर्लंडच्या सहलीत सर्वांत महाग तिकीट बहुधा युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या उंच खिंडीवर नेणाऱ्या डोंगरगाडीचंच असतं. उन्हाळ्यात इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाडं २०० फ्रँकच्या पुढे जातं. देशभरच्या रेल्वे, बस आणि बोटींवर चालणारा पर्यटकांचा स्विस ट्रॅव्हल पासही इथे अर्धाच कामी येतो: ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंतचा प्रवास पासात, त्यापुढे फक्त २५ टक्के सवलत. एवढे पैसे वसूल होतात का? आकाश स्वच्छ असेल तर नक्कीच. ढग असतील तर अजिबात नाही, कारण वर पोहोचल्यावर खिडकीबाहेर नुसती पांढरी भिंत दिसते.

म्हणून तिकीट आदल्या आठवड्यात काढून ठेवू नये. सकाळी उठल्याबरोबर शिखरावरचा वेबकॅम बघावा आणि मगच ठरवावं. हॉटेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशावर विसंबू नका, ते दोन्ही बाजूंनी फसवतं. उन्हाळ्यात सकाळ निरभ्र असते, पण ऊन चढलं की उतारावरची दमट हवा वर जाते आणि दुपारपर्यंत शिखरांना ढग चिकटतात. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात नेमकं उलट होतं. खाली ल्युसर्नच्या सरोवरावर दिवसभर धुकं आणि वर लख्ख ऊन! खालचं मळभ बघून बेत रद्द करणारे त्या दिवसाचं सगळ्यात सुंदर दृश्य गमावतात. गर्दीच्या महिन्यांत युंगफ्राउयोखच्या गाडीत जागा राखून ठेवणं शहाणपणाचं, पण शक्य असेल तर तेही हवामान बघून आदल्या संध्याकाळीच करावं.

आता प्रत्यक्ष प्रवास. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वाइल्युचिनेनला दुभंगते. तिचा एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी न वाचता चढणारे भलत्याच दरीत पोहोचतात. लवकर वर जायचं तर ग्रिंडेलवाल्ड गावाच्या आधी, ‘ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल’ नावाच्या स्टेशनवर उतरावं. तिथून आयगर एक्सप्रेस हा २०२० मध्ये सुरू झालेला रोपवे १५ मिनिटांत आयगरग्लेचरला (२३२० मीटर) नेतो आणि पुढे दातेरी रुळांवरची गाडी आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातल्या बोगद्यातून जाते. इंटरलाकेनपासून साधारण दीड तास लागतो. हा रेल्वेमार्ग १९१२ मध्ये पूर्ण झाला; काम सुरू झालं होतं १८९६ मध्ये. वर जाताना बोगद्यातल्या आइसमेअर स्टेशनवर (३१६० मीटर) गाडी पाचेक मिनिटं थांबते. तिथे उतराच. कड्यात कोरलेल्या खिडकीतून फुटलेला, चिरा पडलेला बर्फ इतक्या जवळून पुन्हा दिसत नाही.

परतताना मात्र रोपवे घेऊ नये. क्लाइने शाइडेग, वेंगन, लाउटरब्रुनेन अशी गाडी धरावी आणि तिकीट काढतानाच जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे आहेत हे सांगावं. वेळ जास्त जातो, पण क्लाइने शाइडेगहून उतरताना डावीकडच्या खिडकीत युंगफ्राउ शिखर अगदी समोर असतं.

वरचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, युरोपातलं सर्वांत उंच. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश. गाडीतून उतरल्याउतरल्या जिने धावत चढणाऱ्यांचं डोकं दुखतं, चक्कर येते. पहिली १५-२० मिनिटं सावकाश चालावं, पाणी पीत राहावं आणि त्रास वाढला तर थांबून न राहता खाली उतरावं. आइस पॅलेस या हिमनदीत कोरलेल्या गुहेची जमीन खरोखरच्या बर्फाची आहे, तिथे गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. उन्हाळ्यातही गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. बाहेर बर्फावर आखलेल्या वाटेवरूनच चालावं, कारण वाटेच्या पलीकडे बर्फाखाली भेगा लपलेल्या असतात.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, २० किलोमीटरच्या आसपास. युंगफ्राउयोख तिच्या माथ्याशी आहे, त्यामुळे तिथून ती नदीसारखी कमी आणि बर्फाच्या पटांगणासारखी जास्त दिसते. तिचं वळण आणि अंगावरचे दगडमातीचे काळे पट्टे बघायचे असतील तर फीश गावातून रोपवेने एगिसहॉर्नला जावं. उंची कमी, दृश्य मात्र सरस. हिमनदी हेच आकर्षण असेल तर आमचं मत एगिसहॉर्नला.

मॅटरहॉर्न शिखर बघायचं तर गोर्नरग्राट या डोंगराला (३०८९ मीटर) पर्याय नाही. झरमॅट गावाहून गाडीने ३३ मिनिटं, पासावर निम्मं भाडं. चढताना उजवीकडे बसावं. झरमॅटला पेट्रोल-डिझेलच्या गाड्या जात नाहीत. कार टेशला ठेवून शटल ट्रेनने यावं लागतं, तो वेळ धरूनच निघा. पहिल्या काही गाड्यांपैकी एक गाठावी, कारण मॅटरहॉर्नचा पूर्वेकडचा कडा सकाळच्या उन्हात उजळतो. शेवटच्या स्टेशनाच्या आधी रोटेनबोडेनला उतरलं की थोड्याच अंतरावर रिफेलसे हे तळं लागतं. वारा पडलेला असेल तर शिखर पाण्यात उलटं दिसतं. वाऱ्याची झुळूक आली की प्रतिबिंब मोडतं, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळं गोठलेलंही असू शकतं.

हात राखून खर्च करायचा असेल तर ल्युसर्नजवळचा रीगी डोंगर. १८७१ मध्ये फित्स्नाउहून इथे युरोपातली पहिली डोंगररेल्वे सुरू झाली. उंची १८०० मीटरच्या आतच, पण पासात बोट, रेल्वे, रोपवे सगळं येतं. ल्युसर्नहून बोटीने फित्स्नाउ, तिथून रेल्वेने रीगी कुल्म, मग तासाभराची सोपी उतरण चालत काल्टबाड, रोपवेने वेगिस आणि परत बोट. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तरी विरळ हवेचा प्रश्नच येत नाही. निघण्याआधी परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावरच्या फलकावर बघून ठेवा. हिवाळ्यात फेऱ्या बऱ्याच कमी होतात.